तीस हजार डॉलरची शिष्यवृत्ती आली आहे. डिपॉझिट भरावे की थांबावे?

नमस्कार.

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुमची मुलगी नाशिकला सीबीएसईच्या बारावीत आहे आणि तिने अमेरिकेतील नऊ विद्यापीठांकडे पदवीच्या पहिल्या वर्षासाठी अर्ज केले आहेत. त्यांपैकी दोन ठिकाणचे होकार आले आहेत. ओहायोतील एका खाजगी विद्यापीठाने दरवर्षी ३०,००० डॉलरची मेरिट स्कॉलरशिप देऊ केली आहे, तर दुसऱ्या राज्यातील एका सरकारी विद्यापीठाने ६,००० डॉलरची. जिथे जायचे तिने मनाशी ठरवले होते, त्या विद्यापीठाने डिसेंबरमध्ये तिचा अर्ज ‘डिफर’ केला, म्हणजे होकार-नकार न कळवता पुढच्या फेरीत ढकलला. उरलेल्या सहा जणांची उत्तरे मार्चअखेरपर्यंत यायची आहेत. मधल्या काळात त्या खाजगी विद्यापीठाचे ईमेल सुरू आहेत की १५ मार्चच्या आत डिपॉझिट भरले तर हॉस्टेलमध्ये आवडीची खोली मिळेल. घरात दोन तट पडले आहेत. एका बाजूचे म्हणणे असे की एवढी मोठी शिष्यवृत्ती देणाऱ्यांना ताटकळत ठेवू नये. दुसऱ्या बाजूचे असे की मुलीच्या मनातले कॉलेज अजून बाकी आहे, मग घाई कशाला.

तुम्ही विचारले आहे की पैसे भरावेत की थांबावे. माझ्या मते त्याआधी एक प्रश्न सोडवायला हवा: ३०,००० डॉलर हा आकडा बक्षीस म्हणून वाचायचा की किमतीतील सूट म्हणून? हे एकदा नीट कळले की थांबण्याचा प्रश्न फारसा अवघड राहत नाही. मी काही वर्षे अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागातील एका खाजगी विद्यापीठाच्या प्रवेश विभागात परदेशी विद्यार्थ्यांचे अर्ज वाचत होते आणि आता पुण्यात राहून हेच काम पालकांच्या बाजूने करते. पुढे जे लिहीत आहे ते या दोन्ही बाजू पाहून.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, हे आधीच सांगते. तुम्ही चार वर्षांचा खर्च स्वतःच्या बचतीतून करणार की कर्ज काढणार, मुलीला कोणता विषय घ्यायचा आहे, आणि तिचे नागरिकत्व कोणते, या तिन्हींनी उत्तर बदलते. नागरिकत्वाचा मुद्दा मुद्दाम लिहिते आहे. अमेरिकेत काही वर्षे नोकरी करून पुण्या-नाशिकला परतलेली बरीच मराठी कुटुंबे आहेत आणि त्यांची मुले तिकडे जन्मलेली असल्यामुळे अमेरिकी नागरिक असतात. अशी मुले भारतात राहत असली तरी ‘फाफ्सा’ हा सरकारी मदतीचा अर्ज भरू शकतात, आणि पालकांकडे अमेरिकेचा सोशल सिक्युरिटी नंबर नसला तरी त्याने अडत नाही. तुम्ही त्या गटात असाल तर खालील हिशेब पुष्कळ बदलेल. तसा उल्लेख तुम्ही केलेला नाही, त्यामुळे मुलगी भारतीय नागरिक आहे आणि एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर जाणार आहे, असे धरून लिहिते.

आधी तारखांबद्दल. अमेरिकेतील पदवी प्रवेशाचे वेळापत्रक आपल्याकडच्या कॅप राउंडसारखे एका यंत्रणेच्या हातात नसते, पण त्याला एक ढोबळ लय असते. नोव्हेंबरच्या सुरुवातीला किंवा मध्यावर ‘अर्ली’ अर्ज जातात. त्यांतील काहींची उत्तरे डिसेंबरच्या मध्यावर येतात, तर काहींची जानेवारी-फेब्रुवारीत. जानेवारीच्या सुरुवातीला ‘रेग्युलर’ अर्ज बंद होतात आणि त्यांची उत्तरे मार्चअखेर किंवा १ एप्रिलच्या आसपास येतात. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन वगैरे आयव्ही लीग या नामांकित गटातील विद्यापीठे तर मार्चच्या अखेरीस एकाच संध्याकाळी निकाल जाहीर करतात. काही सरकारी विद्यापीठे अर्ज येतील तसे वाचून उत्तरे देतात, त्यामुळे तिथले होकार दिवाळीच्या सुमारासही येतात. या सगळ्याच्या शेवटी १ मे ही तारीख आहे. विद्यार्थ्याने आपला अंतिम निर्णय कळवायचा आणि डिपॉझिट भरायचे, ते बहुतेक ठिकाणी या दिवसापर्यंत. बंधनकारक ‘अर्ली डिसिजन’ने प्रवेश मिळालेल्यांना ही मुभा नसते, तुमच्या मुलीने तो पर्याय निवडलेला दिसत नाही.

१ मेपर्यंत कॉलेजांनी विद्यार्थ्यांवर दबाव आणू नये, असा नियम प्रवेश समुपदेशकांच्या राष्ट्रीय संघटनेच्या आचारसंहितेत पूर्वी होता. अमेरिकेच्या न्याय खात्याने स्पर्धाविरोधी कायद्याच्या अंगाने त्याला आक्षेप घेतला आणि २०१९ मध्ये संघटनेने अशी काही कलमे काढून टाकली. तेव्हापासून लवकर पैसे भरणाऱ्याला खोलीची पसंती, जादा सवलत किंवा विषयनोंदणीत अग्रक्रम देऊ करणारे ईमेल वाढले आहेत. त्यात बेकायदा काही नाही. पण पत्रात तारीख दिसली की ती प्रवेशाचीच अंतिम तारीख आहे, असे समजायचे कारण नाही.

तुमच्या बाबतीत तीन तारखा वेगवेगळ्या शोधायला हव्यात: प्रवेश निश्चितीच्या डिपॉझिटची, हॉस्टेलच्या डिपॉझिटची आणि शिष्यवृत्ती स्वीकारण्याची. तुम्ही जे लिहिले आहे त्यावरून १५ मार्च ही खोलीच्या पसंतीसाठीची तारीख दिसते. तरीही अंदाजावर राहू नका. मुलीने स्वतः (तुम्ही नव्हे, तिकडे पालकांचा ईमेल आला की उत्तर विद्यार्थ्याला द्यावे की पालकांना, यातच दिवस जातात) प्रवेश अधिकाऱ्याला दोन ओळी लिहून विचारावे की १ मेपर्यंत निर्णय कळवला तर प्रवेश आणि स्कॉलरशिपची पूर्ण रक्कम कायम राहील का, आणि हॉस्टेलचे डिपॉझिट भरल्यास ते कोणत्या तारखेपर्यंत परत मिळते. उत्तर लेखी घ्यावे. ते ‘हो’ असेल, आणि बहुधा असते, तर १५ मार्चची किंमत फक्त एका बऱ्या खोलीएवढी उरते. हॉस्टेलचे डिपॉझिट परत मिळणारे असेल तर ते भरून टाकायलाही माझी हरकत नाही. प्रवेशाचे डिपॉझिट मात्र एकाच ठिकाणी भरायचे असते. ‘दोन्हीकडे भरून ठेवू, मग बघू’ हा सल्ला नातेवाईक हमखास देतात. पण तसे करणे तिथल्या प्रवेश पद्धतीत अप्रामाणिकपणा मानले जाते आणि उघडकीस आल्यास दोन्हीकडचे प्रवेश धोक्यात येऊ शकतात.

आता पैशांकडे वळू. खाजगी विद्यापीठांची जाहीर फी आणि प्रत्यक्ष घेतली जाणारी फी यांत मोठी तफावत असते. तिथल्या विद्यापीठांच्या वित्त अधिकाऱ्यांची संघटना दरवर्षी याची पाहणी करते आणि गेली काही वर्षे तिचा निष्कर्ष असा आहे की खाजगी, ना-नफा कॉलेजे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना ट्यूशनवर (म्हणजे शिकवण्याच्या फीवर) सरासरी निम्म्याहून अधिक सूट देतात. ही सूट वेगवेगळ्या नावांनी दिली जाते. काही भाग कुटुंबाच्या गरजेनुसार असतो, काही मेरिटच्या नावाने. म्हणजे तुमच्या मुलीला मिळालेली सवलत तिच्या वर्गातल्या पुष्कळ मुलांना कमी-अधिक प्रमाणात मिळालेली असणार.

मी ज्या कार्यालयात होते तिथे हे काम कसे चालायचे ते सांगते. दरवर्षी हंगाम सुरू होण्यापूर्वी आमच्याकडे एक तक्ता यायचा. आडव्या ओळींत शाळेतील गुणांचे टप्पे, उभ्या रकान्यांत एसएटी किंवा एसीटी या प्रवेश परीक्षांच्या गुणांचे टप्पे, आणि प्रत्येक चौकटीत एक रक्कम. निबंध, शिफारसपत्रे, उपक्रम यांवरून प्रवेश द्यायचा की नाही हे आम्ही वाचून, कधी वाद घालून ठरवत असू. पण एकदा ‘प्रवेश’ असा शेरा पडला की शिष्यवृत्तीची रक्कम तक्त्यातून निघायची. तो तक्ता आम्ही बनवत नव्हतो. आधीच्या वर्षांत किती रकमेला किती विद्यार्थी आले, याचा हिशेब करणारा वेगळा विभाग तो बनवायचा. मग त्या रकमेला ‘प्रेसिडेन्शियल’ किंवा ‘डीन्स’ असे भारदस्त नाव मिळायचे आणि कुलगुरूंच्या सहीचे पत्र जायचे. काही विद्यापीठे हा तक्ता लपवतही नाहीत. अलाबामा विद्यापीठ कित्येक वर्षे किती गुणांना किती रक्कम, हे आपल्या संकेतस्थळावर उघड देत आले आहे. मला ही पद्धत अधिक प्रामाणिक वाटते.

याचा अर्थ तुमच्या मुलीचे कौतुक खोटे आहे, असा मुळीच नाही. तिचे गुण चांगले नसते तर ती तक्त्याच्या त्या चौकटीत पोहोचलीच नसती, आणि पैसेही खरे आहेत. मात्र ‘त्यांनी तिला एवढे मानले, दुसऱ्यांनी सहाच हजार दिले’ ही तुलना चुकीच्या पायावर उभी आहे. आयव्ही लीगमधील एकही विद्यापीठ मेरिट स्कॉलरशिप देत नाही. तिथली सगळी मदत कुटुंबाच्या आर्थिक गरजेवर ठरते. समजा मार्चअखेर त्यांच्यापैकी कुणाचा होकार आला आणि पत्रात शिष्यवृत्तीचा उल्लेखही नसला, तर त्यात अपमान काही नाही.

मेरिट स्कॉलरशिपचा आणखी एक प्रकार आहे आणि तो खऱ्या अर्थाने स्पर्धात्मक असतो. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाची मोरहेड-केन, व्हर्जिनिया विद्यापीठाची जेफरसन किंवा व्हँडरबिल्टच्या पूर्ण ट्यूशनच्या शिष्यवृत्त्या या मोजक्याच विद्यार्थ्यांना मिळतात आणि त्यांची निवड वेगळी होते. काही ठिकाणी मुलाखतीही असतात. अशा एखाद्या शिष्यवृत्तीसाठी मुलीने स्वतंत्र अर्ज केला असेल, तर तिने ईमेलचा स्पॅम फोल्डर रोज पाहावा. मुलाखतीचे निमंत्रण तिथे पडून राहिल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत.

तुमच्यासमोरच्या दोन पत्रांचा हिशेब आता कागदावर मांडू. तुम्ही एकूण वार्षिक खर्चाचे आकडे दिलेले नाहीत, म्हणून मी अशा दोन विद्यापीठांना शोभतील असे आकडे उदाहरणादाखल घेते. तुम्ही त्या जागी पत्रातले खरे आकडे घाला. खाजगी विद्यापीठाचा ट्यूशन, इतर शुल्क, राहणे, जेवण, पुस्तके, विमा आणि किरकोळ खर्च धरून वर्षाचा खर्च ८२,००० डॉलर आहे, असे समजू. त्यातून ३०,००० गेले की उरले ५२,०००. सरकारी विद्यापीठाचा परराज्यातील आणि परदेशी विद्यार्थ्यांसाठीचा खर्च ४८,००० समजू. त्यातून ६,००० वजा केले की ४२,०००. पाचपट शिष्यवृत्ती देणारे विद्यापीठ पहिल्याच वर्षी १०,००० डॉलरने महाग पडले.

पुढची तीन वर्षे याहून बोलकी आहेत. शिष्यवृत्तीची रक्कम बहुतेक वेळा चारही वर्षे तेवढीच राहते आणि खर्च मात्र वाढत जातो. वाढ दरवर्षी ४ टक्के धरली तर खाजगी विद्यापीठाचा खर्च दुसऱ्या वर्षी ८५,२८० होतो, सूट तीच ३०,०००, म्हणजे तुम्ही भरायचे ५५,२८०. फी ४ टक्क्यांनी वाढली, पण तुमच्या खिशातून जाणारी रक्कम ६ टक्क्यांहून अधिक वाढली. चौथ्या वर्षी खर्च सुमारे ९२,२०० आणि तुमचा वाटा सुमारे ६२,२०० होतो, म्हणजे पहिल्या वर्षापेक्षा जवळपास २० टक्के जास्त. चार वर्षांची बेरीज केली तर खाजगी विद्यापीठासाठी सुमारे २,२८,००० डॉलर आणि सरकारीसाठी सुमारे १,८०,००० डॉलर लागतात. फरक ४८,००० डॉलरच्या वर. डॉलर ९० रुपयांचा धरला तर हे ४३ लाखांहून अधिक होतात. त्यात रुपयाचीही घसरण मोजा: २०१५ मध्ये डॉलर ६४ रुपयांच्या आसपास होता आणि २०२५ मध्ये तो बहुतेक काळ ८५ च्या पुढे होता. पालक पहिल्या वर्षाची रक्कम गुणिले चार करतात आणि कर्ज तेवढेच मंजूर करून घेतात. तिसऱ्या वर्षी जमीन किंवा दागिने विकण्याची वेळ येते, ती या दोन वाढींमुळे.

म्हणून पत्र हातात आले की मी पालकांना आधी शिष्यवृत्तीच्या ओळीवर बोट ठेवायला सांगते आणि तिथला आकडा वगळून बाकीचे वाचायला लावते. पत्रात एकूण खर्च दिला आहे की फक्त ट्यूशन? परदेशी विद्यार्थ्यांना बहुधा सक्तीचा असलेला आरोग्य विमा धरला आहे का? पुस्तके आणि विमानप्रवास? ‘दरवर्षी’ असे स्पष्ट लिहिले आहे की ‘एकूण’? चार वर्षांची बेरीज ठळक अक्षरांत छापून वर्षाची रक्कम खाली बारीक अक्षरांत देणारी पत्रेही असतात. कॅम्पसवरील नोकरीची संभाव्य कमाई पत्रात वजा करून दाखवली असेल तर ती रक्कम पुन्हा खर्चात धरा. एफ-१ विद्यार्थ्याला सत्र सुरू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासांपर्यंत काम करता येते, पण ते आधी मिळावे लागते, आणि त्यातून सहसा हातखर्च निघतो, फी निघत नाही. शिष्यवृत्ती ट्यूशन, शुल्क आणि सक्तीच्या पुस्तकांच्या पलीकडे जाऊन राहण्या-जेवणाचाही खर्च उचलत असेल, तर त्या वरच्या भागावर एफ-१ विद्यार्थ्याचा साधारणपणे १४ टक्के कर कापला जातो. तुमच्या दोन्ही प्रस्तावांत रक्कम ट्यूशनपेक्षा कमी असणार, त्यामुळे हा प्रश्न येणार नाही.

त्यानंतर नूतनीकरणाच्या अटी. मेरिट स्कॉलरशिप चालू राहण्यासाठी बहुतेक ठिकाणी किमान जीपीए, म्हणजे सरासरी गुणांक, राखावा लागतो. ४ पैकी ३.० ही अट पुष्कळ ठिकाणी दिसते, काही ठिकाणी ३.२५ किंवा ३.५. बारावीला ९५ टक्के मिळवणाऱ्या मुलीला ३.० म्हणजे काहीच नाही, असे घरात वाटते. परंतु इंजिनिअरिंग किंवा कॉम्प्युटर सायन्सच्या पहिल्या वर्षी, नवीन देशात, कॅल्क्युलस आणि फिजिक्सचे पेपर एकाच सत्रात आले की चांगली मुलेही २.८ वर येतात. म्हणून अट किती आहे यापेक्षा ती मोडल्यावर काय होते, हे आधी विचारावे. एक सत्र सावरायला मिळते का? जीपीए दर सत्राला तपासतात की वर्षाअखेर एकदा? गेलेली शिष्यवृत्ती जीपीए वाढल्यावर परत मिळते का? विषय बदलला तर रक्कम टिकते का? विभागाने दिलेली शिष्यवृत्ती विषय सोडला की जाते, विद्यापीठाने दिलेली बहुधा टिकते. आठ सत्रांची मर्यादा असेल आणि मुलीला बाहेर सहा महिन्यांचे काम करायचे असेल, तर ते सत्र मोजले जाते का? कितीजणांची शिष्यवृत्ती पहिल्या वर्षानंतर बंद होते, असाही प्रश्न मी विचारायला सांगते. उत्तर टाळले गेले तर तेही नोंदवून ठेवावे.

‘गरजेनुसार मदत’ आम्ही मागितली नाही, ती आता मागता येईल का, असेही तुम्ही विचारले आहे. परदेशी विद्यार्थ्यांच्या बाबतीत बहुतेक विद्यापीठे प्रवेश ठरवतानाच अर्जदाराला किती मदत लागेल हे पाहतात. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, अ‍ॅमहर्स्ट, डार्टमथ आणि बोडइन अशा मोजक्याच संस्था परदेशी विद्यार्थ्याचाही अर्ज वाचताना पैशाचा विचार बाजूला ठेवतात आणि प्रवेश दिल्यावर गरज पूर्ण भागवतात. इतरत्र अर्जात ‘मदत नको’ अशी खूण केली असेल तर होकार आल्यावर ती बदलणे बहुधा अशक्य असते, आणि काही ठिकाणी पुढील वर्षांतही परदेशी विद्यार्थ्याला मदतीसाठी अर्ज करू देत नाहीत. तेव्हा ‘एकदा आत शिरली की पुढच्या वर्षी मदत मागू’ हा बेत आखू नका.

मेरिटची रक्कम वाढवून मागता येते का? मागता येते, पण अपेक्षा माफक ठेवून. मुलीने प्रवेश अधिकाऱ्याला सविनय लिहावे की विद्यापीठ तिला का आवडते, दुसऱ्या विद्यापीठाचा निव्वळ खर्च किती कमी आहे (पत्राची प्रत जोडावी), अर्जानंतर तिचे कोणते नवीन गुण किंवा यश आले आहे, आणि या आधारे शिष्यवृत्तीचा फेरविचार होऊ शकेल का. तिथली कार्यालये बरोबरीच्या विद्यापीठाचा प्रस्ताव विचारात घेतात. सरकारी विद्यापीठाचा स्वस्त खर्च दाखवून खाजगी विद्यापीठाकडून मोठी वाढ मिळेल, असे समजू नये. आमच्याकडे अशी पत्रे आली की त्यांतला सूर आधी लक्षात यायचा. ‘तुम्ही वाढवले नाही तर मी जाणार नाही’ असे लिहिणाऱ्यासाठी वरिष्ठांकडे शब्द टाकायला कुणी उत्सुक नसायचे. एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात, सगळे निकाल हाती आल्यावर, एकदाच लिहावे.

डिफर झालेल्या अर्जाबद्दल तुमची मुलगी सर्वांत अस्वस्थ आहे असे तुम्ही लिहिले आहे, आणि ते समजण्यासारखे आहे. डिफर म्हणजे गोड शब्दांत नकार, असे ठामपणे म्हणता येत नाही. काही विद्यापीठे पहिल्या फेरीतील बहुतेकांना पुढे ढकलतात, काही फार थोड्यांना. तिने अजून पाठवले नसेल तर एक पत्र पाठवावे: अजूनही यायची इच्छा आहे, नोव्हेंबरनंतर काय नवीन घडले, बस्स. एका पानाच्या आत. दर आठवड्याला आठवण करून देऊ नये आणि नवी चार शिफारसपत्रे जोडू नयेत. त्याहून महत्त्वाचे काम तुमच्या शाळेत आहे. बारावीच्या पहिल्या सत्राचे गुण शाळेने ‘मिड-इयर रिपोर्ट’ म्हणून पाठवायचे असतात. आपल्याकडच्या बऱ्याच शाळांत यासाठी वेगळा समुपदेशक नसतो. प्रिन्सिपलच्या कार्यालयातील एखादे सर किंवा मॅडम इतर कामांतून वेळ काढून हे करतात, त्यात फेब्रुवारीत बोर्डाची गडबड. प्रत्येक विद्यापीठाच्या पोर्टलवर कागदपत्रांची यादी असते. तिथे मिड-इयर रिपोर्टपुढे अजून ‘मिळाला नाही’ असे दिसत असेल, तर डिफर झालेला अर्ज दुसऱ्यांदा वाचताना वाचणाऱ्यापुढे नवीन असे काहीच नसते. उद्याच शाळेत जाऊन हे पाहा.

मार्चअखेरीस एखाद्या ठिकाणी ‘वेटलिस्ट’ मिळाली तर वेगळा विचार करावा लागेल. बहुतेक विद्यापीठे दरवर्षी ‘कॉमन डेटा सेट’ नावाची माहिती आपल्या संकेतस्थळावर देतात. त्यातील सी-२ या भागात किती जणांना वेटलिस्टवर ठेवले, किती थांबले आणि किती जणांना शेवटी प्रवेश मिळाला, हे आकडे असतात. काही ठिकाणी तो शेवटचा आकडा शून्य असतो. त्याच कागदात एच-६ या भागात परदेशी विद्यार्थ्यांना संस्थेकडून मदत मिळते का, मिळत असल्यास किती जणांना आणि सरासरी किती, हे दिलेले असते. तुमच्या नऊ विद्यापीठांचे हे दोन भाग काढून एका कागदावर लिहायला एक संध्याकाळ पुरेल, आणि निकालाची वाट पाहण्यात घालवलेल्या कोणत्याही संध्याकाळपेक्षा ती सत्कारणी लागेल. वेटलिस्टवरून बोलावणे आले तर ते बहुधा १ मेनंतर येते, आणि तोपर्यंत मेरिटचे पैसे बहुतांशी वाटून झालेले असतात. त्यामुळे आधी दुसरीकडे डिपॉझिट भरावे. बोलावणे आलेच तर ते काही शे डॉलर सोडावे लागतात आणि तसे करणे नियमाला धरून आहे.

दोन गोष्टी इकडच्या. पहिली, तिच्या बारावीच्या अंतिम गुणपत्रिकेवर तिचा प्रवेश अवलंबून असतो. होकार आला म्हणून अभ्यास सोडून दिलेल्या आणि बोर्डात फार खाली घसरलेल्या मुलांना विद्यापीठ खुलासा विचारते आणि क्वचित प्रवेशही काढून घेते. जेईई मेनचे एप्रिलचे सत्र किंवा एमएचटी-सीईटी यांचे फॉर्म भरले असतील तर त्या परीक्षा द्याव्यात. व्हिसाची खात्री कुणालाच देता येत नाही. दुसरी, निर्णय झाला की विद्यापीठ आय-२० (व्हिसासाठी लागणारे विद्यापीठाचे प्रमाणपत्र) देण्यासाठी पहिल्या वर्षाच्या खर्चातून शिष्यवृत्ती वजा करून उरलेली रक्कम तुमच्याकडे आहे, याचा पुरावा मागते. बचत खाते, मुदत ठेव किंवा बँकेचे कर्जमंजुरी पत्र चालते; घर, शेती, प्लॉट यांचे मूल्यांकन बहुतेक ठिकाणी रोख म्हणून धरत नाहीत. कर्ज काढणार असाल तर बँकेशी बोलणी एप्रिलमध्येच सुरू करा आणि मंजुरी पहिल्या वर्षाच्या नव्हे, चौथ्या वर्षाच्या आकड्यावर आधारलेली मागा.

तुमच्या जागी मी असते तर १५ मार्चला प्रवेशाचे डिपॉझिट भरले नसते. खोली कमी सोयीची मिळाली तर मिळाली. ओहायोचे विद्यापीठ वाईट आहे म्हणून नव्हे. चार वर्षांच्या हिशेबानंतरही तिथला विषय, प्राध्यापक किंवा इंटर्नशिपच्या संधी त्या जादा रकमेच्या तोलाच्या वाटल्या तर ते जरूर निवडावे. पण तो निर्णय उरलेली सात उत्तरे आल्यावर घेता येतो आणि त्यासाठी तुम्हाला महिनाभर मिळतो.

दोन्ही पत्रांतील एकूण वार्षिक खर्चाचा आकडा, जीपीएची अट आणि मुलीचा विषय एवढे कळवलेत तर वरच्या उदाहरणाच्या जागी तुमचा खरा हिशेब मांडून देईन. नाव, विद्यार्थी क्रमांक आणि पत्रावरील पत्ता झाकूनच पाठवा.